हाजीपीर, शेखाडी आणि काकाचं निवेदन

परवा रात्री काकाचं किनाऱ्यावरच्या गस्तीच्या बोटीबद्दलचं निवेदन टाईप करायला बसले होते. काका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ, श्रीवर्धनच्या जीवना बंदरातून चाळीस वर्षं मासेमारीची बोट नेली त्याने, तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख म्हणून. आता बोट मुलगा बघतो पण काकाचं नाव सागर सुरक्षा दलात, म्हणजे किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या दलात, अजून आहे. तर मी विचारलं की हे द्यायचं कोणाला, विरोधी पक्षाचे एकजण गावात येऊन गेले परवाच, ते लगेच आवाज उठवतील. काका म्हणाला, नको. ते बोलणारच गो, त्यांचं कामच आहे ते, आणि सत्तेतले ऐकून सोडून देणार. जो सत्तेत बसलाय त्याला दे आणि त्याला म्हणावं तुझ्याच लोकांना विचार. घरातल्याने विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

हे ऐकलं आणि मला महावीर त्यागी आठवले.

आपल्याकडे हे नाव फार कोणाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्यागी काँग्रेसचे, डेहराडूनचे खासदार. तरुणपणी ब्रिटिश फौजेत होते आणि जालियनवाला बागेनंतर नोकरी सोडायला निघाले म्हणून कोर्टमार्शल झालेला माणूस, नंतर स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला, नेहरूंच्या जवळचा. १९६१ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत चीनवर चर्चा चालू होती, अक्साई चीनबद्दल नेहरू म्हणाले की तिथे गवताचं पातंसुद्धा उगवत नाही. तेव्हा हे त्यागी उठले, आपल्या टकलावर हात ठेवला आणि म्हणाले की इथे पण काही उगवत नाही, मग हेही कापून कोणाला देऊन टाकू का. हा किस्सा विनोद म्हणून सांगतात सगळे, मला तो कधीच विनोद वाटला नाही. समोर नेहरू आहेत, देशात त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नाही, आणि स्वतःच्याच बाकावरचा माणूस उठून सांगतो की जमीन ती जमीन. आमच्या राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै तेव्हा त्याच सभागृहात विरोधी बाकावर होते, आमच्या कोकणाला त्यांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा, पण ते विरोधात होते, त्यांनी सरकारला धारेवर धरणं अपेक्षितच होतं. त्यागींचं तसं नव्हतं.

पुढच्याच वर्षी युद्ध झालं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण मराठी माणसं लहानपणापासून ऐकतो, यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, संरक्षणमंत्री झाले. पण ती खुर्ची रिकामी कशी झाली हे कोणी सांगत नाही. कृष्ण मेनन नेहरूंचे एकदम खास, त्यांना हलवायची नेहरूंची इच्छा नव्हती, आणि नुसते विरोधक ओरडले असते तर ते हललेही नसते. काँग्रेसच्याच खासदारांनी, त्यागी त्यात पुढे होते, नेहरूंना सांगितलं की हे चालणार नाही. आधी संरक्षण खातं गेलं आणि ७ नोव्हेंबर १९६२ ला मेनन मंत्रिमंडळाबाहेर. म्हणजे सह्याद्रीला वाट करून दिली ती सत्ताधारी पक्षातल्याच बोलणाऱ्या लोकांनी.

आणि १९६६ चं तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ६५ च्या युद्धात आपल्या जवानांनी ऑगस्टच्या शेवटी हाजीपीर खिंड घेतली. पूंछ आणि उरीच्या मधली ही खिंड, घुसखोरांची येण्याची वाट. डोंगर चढून, पावसात, रात्रभर चालून घेतलेली. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला आणि त्यात दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टच्या आधीच्या जागी जायचं ठरलं, म्हणजे हाजीपीर परत. त्याच रात्री शास्त्रीजी गेले. सगळा देश दुःखात, अशा वेळी कराराविरुद्ध बोलणं किती कठीण असेल विचार करा. त्यागी तेव्हा पुनर्वसन मंत्री होते, त्यांनी राजीनामा दिला. करार करायला गेलेल्यांत आपले यशवंतरावही होते, मला यशवंतरावांबद्दल प्रचंड आदर आहे आणि युद्ध थांबवायलाच हवं होतं असं म्हणणाऱ्यांचं म्हणणंही मी समजू शकते, पण त्यागींना जे पटलं नाही त्यासाठी त्यांनी मंत्रिपद सोडलं. खिंड काही परत आली नाही. ती आजही पाकिस्तानच्या ताब्यात आहे.

आता कोणी म्हणेल कुठे हाजीपीर आणि कुठे श्रीवर्धन. अहो पण आमची सीमा इथेच आहे, घराच्या पडवीतून दिसते. फक्त ती पाण्यात आहे, तिला कुंपण घालता येत नाही. १९९३ च्या सुरुवातीला आमच्याच किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि स्फोटकांचा माल उतरला, मार्चच्या १२ तारखेला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. मी कॉलेजला मुंबईत होते तेव्हा गाव सांगितलं की लोक म्हणायचे, अच्छा ते आरडीएक्सवालं शेखाडी तिकडेच ना? मला रडू यायचं. शेखाडीच्या लोकांनी काय केलं होतं? ज्यांनी किनारा राखायचा त्यातल्याच पोलीस आणि कस्टमच्या काही लोकांनी डोळेझाक केली, कोर्टात ते सिद्ध झालं, शिक्षा झाल्या. नाव मात्र गावाचं खराब झालं.

मग २००८. दहा अतिरेकी कराचीहून निघाले, मधे समुद्रात आपल्याच मच्छीमारांची कुबेर ही बोट पकडली आणि मुंबईच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. तेव्हापासून आमच्या लोकांना बायोमेट्रिक कार्ड, बोटीला कलर कोड, समुद्रात जाताना टोकन. काकाचं कार्ड मी परवा हातात घेऊन बघितलं, खाऱ्या हवेने कडा पिवळ्या पडल्यात, फोटो जवळजवळ पुसलाय, तरी प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवतो आणि खिशात घेतल्याशिवाय जेट्टीवर पाय टाकत नाही. मागच्या बाजूला पेनाने १०९३ आणि १५५४ लिहून ठेवलंय, एक किनारा सुरक्षेचा नंबर आणि एक कोस्ट गार्डचा. आमच्या बाजूने जे करायचं ते आम्ही करतो हो.

आणि २०२२ ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरला ती बोट लागली. कोणी माणूस नाही, आत तीन एके-४७. नंतर कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची, ओमानच्या बाजूला समुद्रात बिघडली, आतल्या लोकांना वाचवलं आणि बोट वाहत वाहत इकडे आली, घातपाताचं काही नाही. सगळ्यांनी हुश्श केलं. काकाने नाही केलं. तो म्हणाला, नुसती लाटेवर तरंगत आलेली बोट खडकाला लागेपर्यंत कोणी अडवली नाही, मग इंजिनवाली कोण अडवणार? याचं उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलेलं नाही.

सागर कवच नावाची किनारा सुरक्षेची ड्रिल होते, दोन दिवस नाकाबंदी, सगळे अलर्ट. चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजे. पण उरलेले दिवस? एका बंदरात गस्तीची बोट मी स्वतः बघितलीय, दोरखंडाला शेवाळ चढलेलं, म्हणजे ती किती दिवस हललेली नाही ते आमच्याकडचं लहान पोर पण सांगेल.

आता पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश आहे, म्हणून कोणी बोलत नाही असं म्हणतात. १९८५ चा तो कायदा, मान्य. पण व्हिप मतदानाला असतो. गस्तीची बोट बंद का आहे हे विचारायला कुठला व्हिप आड येतो? मंत्रिपद सोडायला तर नाहीच नाही. रोह्याच्या देशमुखांनी, आपल्या चिंतामणरावांनी, १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलंच ना, याच रायगडच्या मातीतले ते. तिकीट कापलं जाईल ही भीती असते, ती मला कळते, घरदार सगळ्यांना आहे. पण ज्यांना रात्री दोनला अंधारात जाळी टाकायची असते आणि बाजूने दिवे न लावता बोट गेली तर ती कोणाची हे ओळखायचं असतं, त्यांनाही घरदार आहे.

निवेदन एका पानाचं झालं. मी बरंच काही लिहिलं होतं, काकाने सगळं काढायला लावलं आणि दोनच मुद्दे ठेवले. गस्तीच्या बोटीला डिझेल आणि दुरुस्ती वेळेवर मिळावी, आणि तिच्यावर समुद्र माहीत असलेली, आमच्याकडची पोरं घ्यावीत. वर लिहायला सांगितलं की हे आपण आपल्याच सरकारला विचारावं ही विनंती. "आपल्याच" खाली रेघ मारायला लावली. सही केली, सहीखाली कार्डाचा नंबर घातला. नारळी पौर्णिमेला सत्तेतले आमचे साहेब बंदरावर येणार आहेत नारळ सोडायला, तेव्हा काका स्वतःच्या हाताने देणार आहे आणि मी बाजूला उभी राहणार आहे.