सेवाभाव ठीक, पण काटा शून्यावर आणला का?

बारावीचा निकाल लागला की ‘६ महिन्यांत नर्सिंग’ अशा पाट्या चौकाचौकांत लटकायला लागतात. आधी तेवढं निस्तरून घेऊ. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) २ वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) ३ वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचं. यांपैकी काहीतरी मान्यताप्राप्त संस्थेतून केल्याशिवाय महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. जनरल ड्यूटी असिस्टंटचा छोटा कोर्स वाईट नाही, त्यावर कामही मिळतं, पण तो रुग्ण-सहायकाचा आहे. फी भरण्याआधी संस्थेचं नाव कौन्सिलच्या यादीत स्वतः शोधा. ऑफिसातल्या फ्रेमवर भागवू नका.

नर्सिंग, समाजकार्य, बालसंगोपन अशा वाटा कागदावर वेगळ्या दिसतात. नागपुरात त्या फार पूर्वीच एकमेकींत मिसळल्या आहेत. १९२१मध्ये कमलाताई होस्पेट यांनी इथे मातृ सेवा संघ सुरू केला तो बाळंतिणींसाठी, आणि पुढे त्याच संस्थेनं समाजकार्याचं महाविद्यालय चालवलं. कुठल्याही वाटेनं आलात तरी पहिल्या प्रॅक्टिकलला गाठ पडते ती वजनकाट्याशी, घड्याळाशी आणि कोऱ्या वहीशी. मुलाखतीत सगळे ‘मला सेवेची आवड आहे’ म्हणतात. मार्क जातात ते पुढे, काटा शून्यावर न आणल्यामुळे.

अंगणवाडीतलं वजनच घ्या. लटकता काटा असेल तर रिकामी झोळी अडकवून मग शून्य करायचं. आधी शून्य करून नंतर झोळी लावली तर झोळीचं वजन मुलाच्या नावावर चढतं. इलेक्ट्रॉनिक काटा सतरंजीवर ठेवायचा नाही, सपाट फरशी हवी. मूल शक्य तितकं उघडं, कमरेचा करदोटा आणि हातातली कडी लक्षात घेऊन. आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. रडणाऱ्या मुलाचा हलता आकडा ‘अंदाजे’ लिहिणं म्हणजे न मोजणंच.

उंचीत चुका जास्त होतात. २ वर्षांखालचं मूल झोपवून, २ वर्षांवरचं उभं करून. झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरते. त्यामुळे मोठं मूल उभं राहीना म्हणून झोपवून मोजलं तर ०.७ वजा करायचे. लहान मूल उभ्यानं मोजावं लागलं तर तेवढेच मिळवायचे. लांबी मोजायला दोन माणसं लागतातच, एकट्यानं जमत नाही. एकीनं डोकं वरच्या फळीला टेकवून नजर सरळ छताकडे राहील असं धरायचं, दुसरीनं गुडघे हलके दाबून पायाची फळी तळव्यांना भिडवायची आणि ०.१ सेंटीमीटरपर्यंत वाचायचं. डोक्यावरचा बो आणि पिना आधी काढा. वजन-उंचीच्या तक्त्यात एका सेंटीमीटरनं मुलाचा रंग बदलू शकतो, आणि रंग बदलला की उपचार बदलतो.

दंडाची पट्टी ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी असते. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांचा मध्य काढायचा, खूण करायची, मग हात सैल सोडायला लावून पट्टी गुंडाळायची. कातडीला सुरकुती पडली तर घट्ट, खालून बोट गेलं तर सैल. ११.५ सेंटीमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ पासून १२.५च्या आत मध्यम. नवख्यांचा मध्य बहुतेकदा वर सरकतो, तिथे दंड जाड असतो, आणि आजारी मूल पट्टीच्या ‘पिवळ्यात’, म्हणजे मध्यम गटात, निसटतं. आणखी एक सापळा सुजेचा आहे. दोन्ही पायांवर अंगठ्यानं ३ सेकंद दाबा. खड्डा राहिला तर वजन कितीही बरं दिसो, ते वजन पाण्याचं आहे. कुपोषणाची अशी सूज असलेलं मूल पट्टीचा आकडा न बघताच तीव्र गटात जातं आणि लगेच दवाखान्यात पाठवायचं असतं.

नवजात बाळाच्या घरभेटींचा पाया आपल्या शेजारच्या गडचिरोलीत घातला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातात त्यामागे तेच काम आहे. या भेटीत विद्यार्थ्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते श्वास मोजणं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो; मध्येच भरभर, मध्येच काही सेकंद थांबून. पूर्ण १ मिनिट, बाळ शांत असताना, दूध पीत नसताना, कपडा वर करून पोटाकडे बघत मोजायचं. २ महिन्यांखाली ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा; दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर रेफर करा. २ महिन्यांपासून वर्षाच्या आत ही हद्द ५०, आणि १ ते ५ वर्षांत ४०. आजी ‘डब्बा झाला’ म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे लहान मुलाच्या दम लागण्याला तोच शब्द आहे. ऐकताच घड्याळ काढायचं.

विदर्भात सिकलसेलवर, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर, तोंडी परीक्षेत प्रश्न येतोच. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०, काहीच नसण्याची २५. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द घरच्यांना समजावणं हेच खरं काम. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ असं हिशेब मांडणारे वडील हमखास भेटतात. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढंच. वाहक की रुग्ण, हे प्रयोगशाळेतली पुढची चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, झाल्यावर कळतं. तोवर कोणालाही ‘आजार आहे’ म्हणून टाकू नका, लग्नं मोडतात.

वृद्धांची सेवा अभ्यासक्रमात शेवटी येते आणि तिथे सगळे कंटाळलेले असतात. तरी दोन गोष्टी पक्क्या करा. लकवा झालेल्या आजोबांना सदरा घालताना अधू हात आधी, काढताना चांगला हात आधी. भरवताना उठवून बसवायचं, घास चांगल्या बाजूच्या गालात द्यायचा, आणि संपल्यावर अधू बाजूच्या गालात काही उरलं का ते बघायचं. ते उरलेलंच पुढे श्वासनलिकेत जातं. जेवणानंतर लगेच आडवं करायचं नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलायची. बदलताना ओढायचं नाही, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलायचं, कारण ओढल्यानं कातडी वर राहते आणि आतलं मांस सरकतं. माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. लाल डाग बोटानं दाबून पांढरा होत नसेल तर जखम सुरू झाली आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हातानं ऊन आणि कडकपणा जाणवतो. त्या डागावर तेल लावून चोळू नका आणि रबराचं कडं खाली देऊ नका. घरोघरी दोन्ही उपाय प्रेमानं केले जातात, दोन्हींनी जखम वाढते. हवेची गादी आणली तरी कूस बदलणं थांबत नाही.

आता वही. बालवाडीच्या निरीक्षणात ‘मूल हट्टी आहे’ असं लिहिलं की मार्गदर्शक लाल रेघ मारतात, आणि बरोबरच करतात. ‘१०:२० ते १०:३० मध्ये तीनदा ठोकळे मागितले, दोनदा शेजारच्याच्या हातून ओढले, ताईंनी नाव घेताच सोडले’ हे निरीक्षण. हट्टी हा तुमचा शेरा. क्षेत्रकार्याच्या नोंदीतही तेच. आणि मुलानं अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर ही सवय कायद्याची बाब होते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा २०१२च्या कलम १९प्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येकानं ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायची असते. न कळवणं हा कलम २१खाली गुन्हा आहे. विद्यार्थी असणं ही सबब चालत नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्याच्या भाषेत. खोदून खोदून विचारू नका. पर्यवेक्षकांना त्याच दिवशी सांगा. कॉलेजच्या फाइलमध्ये मूल ओळखू येईल असं नाव, शाळा, वस्ती काही नको. बालकांसाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक मात्र वहीच्या पहिल्याच पानावर हवेत.

राहिला मे महिना. उन्हाळी पोस्टिंगमध्ये पारा ४५वर गेलेला असतो आणि थर्मामीटर स्कुटीच्या डिकीत. बहुतेक डिजिटल थर्मामीटरच्या पत्रकात वापराची हद्द ४० अंशांपर्यंतच दिलेली असते, त्यामुळे तापलेल्या डिकीतून काढून थेट काखेत लावलेल्या यंत्रावर भरवसा नाही. ते पर्समध्ये ठेवा, घरात शिरल्यावर थोडं निवू द्या. टिनाच्या खोलीत दोन दुपट्यांत गुंडाळलेल्या बाळाचं तापमान ३७.५ अंश सेल्सियसच्या वर दिसलं तर दुपटी सैल करा, त्याला खोलीतल्या थंड कोपऱ्यात न्या, आईला पाजायला सांगा आणि अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल असेल तर हा अर्धा तास थांबायचं नाही, तसंच दवाखान्यात निघायचं. दोन्ही आकडे वेळेसकट लिहा. पहिला खोडू नका.