दऱ्या मागितल्या की दर्या येतो: एकत्रित ग्रंथशोध, नोंद सातवी

अनेक ग्रंथालयांच्या याद्या एकदम शोधणाऱ्या आपल्या यंत्रणेत 'दऱ्या' हा शब्द अखेर चारही टार्गेटांवर, म्हणजे शोध जिथे पाठवतो त्या चारही ठिकाणी, बरोबर सापडू लागला. सहाव्या नोंदीत गाडं इथेच अडलं होतं. सह्याद्रीतल्या दऱ्यांवरची पुस्तकं मागावीत, तर मासेमारी आणि कोळीवाड्यांवरची यादी समोर यायची. उजवं ट्रंकेशन (शब्दापुढे काहीही असलं तरी जुळवणं) चालू असल्याने दर्यावर्दीही त्यात यायचे आणि हवी ती पुस्तकं मात्र नसायची.

मांडणी तीच आहे: एकत्र शोध करणारं पाझपार२, मागे कोहा या ग्रंथालय-प्रणालीचे दोन सर्व्हर झेड३९.५० या शोध-प्रोटोकॉलवर, एक एसआरयू (वेबपत्त्यातून शोध घेणारं) टार्गेट, आणि विनआयसिस या जुन्या ग्रंथसूची-प्रोग्राममधून काढलेला डेटा झेब्रा या स्थानिक निर्देशांक-यंत्रात.

दोष शोधताना पहिली गोष्ट म्हणजे पाझपार२ बाजूला ठेवायचं. याझ-क्लायंट या छोट्या साधनाने थेट टार्गेटला जोडून शीर्षकावर (झेड३९.५० च्या भाषेत १=४) तोच शब्द मागायचा आणि आलेली नोंद हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइट दिसेल अशी, उघडायची. पडद्यावर दोन्ही नोंदींत 'दऱ्या' अगदी सारखं दिसत होतं. हेक्समध्ये एकीत ई० ए४ बी१, ई० ए५ ८डी असे बाइट निघाले, म्हणजे ऱ आणि हलन्त. दुसरीत ई० ए४ बी०, ई० ए५ ८डी, ई२ ८० ८डी निघाले, म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जॉइनर. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून टाइप केलं की पहिलं रूप येतं. काही ध्वन्यात्मक कळपट दुसरं देतात. र खाली नुक्ता देऊन केलेलं तिसरं रूपही सापडलं, पण ते एनएफसी (युनिकोडची अक्षरं एकसारख्या रूपात आणणारी प्रक्रिया) केलं की आपोआप पहिल्यात मिळतं. जॉइनरवालं रूप एनएफसीने हलत नाही. खरी मेख तिथे आहे.

घोळ आपल्याच आयसीयू साखळीत, म्हणजे जुळवण्याआधी मजकूर साफ करणाऱ्या नियमांच्या मालिकेत, होता. चौथ्या नोंदीत दिलेल्या नियमाप्रमाणे सगळी अदृश्य फॉर्मॅट-अक्षरं सुरुवातीलाच काढली जात होती. 'क्‍ष' किंवा 'द्‍य' मधला जॉइनर निव्वळ दिसण्यापुरता असतो, तो काढणं योग्यच. पण र च्या हलन्तापुढचा जॉइनर काढला की 'दर्‍या' चा 'दर्या' होतो आणि वऱ्हाड 'वर्हाड' बनतं. पाझपार२ च्या मूळ नमुना साखळीत सुरुवातीला फक्त कंट्रोल वर्ग काढला जातो. जॉइनर त्या वर्गात मोडत नाही, त्यामुळे ही चूक तिथून आलेली नाही.

नवा क्रम असा: आधी एनएफसी, मग ट्रान्सलिटरेट नियमाने ०९३०-०९४डी-२००डी (र, हलन्त, जॉइनर) या तिकडीचं ०९३१-०९४डी (ऱ, हलन्त) करायचं, आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर काढायचे. दुसरी आणि तिसरी पायरी उलटसुलट झाली तर काहीही उपयोग नाही. सगळे ऱ चे र करून टाकावेत, ही सूचना दोघांनी केली होती. ती कृपया नको. तसं केलं की आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकच होतात. मराठीने जपलेला भेद शोधयंत्राने पुसू नये. चाचणीसाठी ही पाच ठेवा: दऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, पायऱ्या, आचाऱ्यांना.

एवढ्याने एकत्रीकरण सुधारलं, एकाच पुस्तकाच्या तीन ओळींची एक ओळ झाली. पण साखळी काम करते ती आलेल्या नोंदींवर. दूरच्या सर्व्हरला जी नोंद जुळलीच नाही, ती इथवर येणारच नाही. म्हणून प्रश्न पाठवतानाच पर्याय 'ऑर' (किंवा) ने जोडून द्यावे लागतात. पहिल्या आराखड्यात प्रत्येक ऱ साठी दोन रूपं धरली होती. 'दऱ्याखोऱ्या' ला चार, त्यात ॲ आला की आणखी दुप्पट. हे फार वाढतं. नंतर साधी गोष्ट लक्षात आली: एक नोंद सहसा एकाच कळपटावर टाइप झालेली असते, तिच्यात दोन सवयी क्वचितच मिसळतात. मग अक्षरागणिक पर्याय न करता सवयीगणिक करायचे: अख्खा प्रश्न एकदा ऱ च्या रूपात, एकदा जॉइनरच्या रूपात. चार सवयी धरल्या तरी चारच पर्याय होतात, शब्द कितीही लांब असो. या नोंदीतला सर्वांत आनंदाचा भाग हाच.

एसआरयूला पाठवताना पर्याय थोडेच ठेवायचं आणखी एक कारण आहे. 'दऱ्या' मध्ये पाच कोडपॉइंट (युनिकोडचे अक्षर-क्रमांक) आहेत, म्हणजे १५ बाइट, आणि वेबपत्त्यात घालण्यासाठी पर्सेंट-एन्कोडिंग केल्यावर ४५ अक्षरं. लांब शीर्षकाचे आठ पर्याय जोडले तर वेबपत्ता काही हजार अक्षरांत जातो.

आता दोनांपैकी अडलेला कोहा. त्याच्या निर्देशांकातच जॉइनर गळून जातो, त्यामुळे जॉइनरवाली नोंद तिथे फक्त 'दर्या' नेच सापडते. म्हणून तिथे मुद्दाम दर्यासुद्धा मागायचा आणि आलेलं गाळायचं. गाळणी म्हणजे त्या टार्गेटची रेकॉर्डफिल्टर सेटिंग, शीर्षकात 'दऱ्या' असलेल्याच नोंदी ठेवायच्या. त्यासाठी नोंदीचं रूप बदलणाऱ्या एक्सएसएलटीतून बाहेर पडतानाच शीर्षक सुधारलेलं हवं. पाझपार२ मध्ये एक्सएसएलटी १.० चालतं, त्यात रिप्लेस नाही, आणि ट्रान्सलेट एकेक अक्षरच बदलतं. सबस्ट्रिंग-बिफोर आणि सबस्ट्रिंग-आफ्टर घेऊन स्वतःलाच बोलावणारा टेम्पलेट लिहावा लागला. शिवाय मॅक्सरेक्स (एका टार्गेटकडून आणायच्या कमाल नोंदी) मूळ १०० असतं आणि पहिल्या शंभरात दर्याच भरलेला असतो. म्हणून त्या एका टार्गेटला ४०० केलं, आणि तेच टार्गेट सर्वांत संथ झालं.

हे लिहितानाच वाटतंय की हा खटाटोप सोडावा. त्या ग्रंथालयाने कोहातलं ओएआय-पीएमएच (नोंदी गठ्ठ्याने उचलू देणारी सोय) चालू करून दिलं, तर रात्री नोंदी आणून स्थानिक झेब्रात आपल्याच साखळीने निर्देशांक करता येईल. मूळ सेटिंगला एका खेपेत ५० नोंदी मिळतात. २०,००० नोंदींना ४०० खेपा, मध्ये दोन सेकंद थांबलं तर ८०० सेकंद नुसत्या थांबण्यात, रात्री ते परवडतं. पुढच्या रात्री फक्त बदललेल्या नोंदी आणायच्या. पुस्तक आत्ता शेल्फावर आहे की नाही, हे थेट विचारावं लागेलच, पण ते एका नोंदीपुरतं.

विनआयसिसच्या डेटासाठी सावधगिरी: .आयएसओ फाइलीवर थेट शोधा-बदला चालवू नका. जॉइनरवालं रूप नऊ बाइटांचं, ऱ-हलन्त सहा बाइटांचं. प्रत्येक बदलामागे तीन बाइट कमी होतात आणि आयएसओ २७०९ या फाइल-मांडणीच्या डिरेक्टरीतल्या लांब्या व आरंभस्थानं चुकतात. याझ-मार्कडंप या साधनाने मार्कएक्सएमएल (मार्क नोंदींचं एक्सएमएल रूप) करा, तिथे बदल करा, आणि परत मार्क करताना '-एल ९=९७' द्या, म्हणजे लीडरमध्ये (नोंदीच्या सुरुवातीच्या भागात) युनिकोडची खूण बसते.

ॲ चं काम निम्मं झालंय. ०९७२ चा ॲ, अ वर चंद्र, मध्ये जॉइनर घातलेला अ‍ॅ आणि हिंदी वळणाचा ऍ, हे चारही एनएफसीला वेगवेगळे वाटतात, म्हणून चौघांना ०९७२ वर आणणारे नियम हाताने लिहिलेत. १९६२ पूर्वीच्या शुद्धलेखनासाठी (नांव, गांव, पांच, कांहीं) शब्दयादीच हवी. सरसकट अनुस्वार काढले तर संत चा सत होईल.

प्रकाशनस्थळाचा फॅसेट (निकाल गाळायची बाजूची यादी) मात्र एका संध्याकाळीत साफ झाला. 'मुंबई ४', 'मुंबई-१४', 'मुंबई २८.', 'गिरगांव, मुंबई' अशी रांग लागायची. स्थळाच्या शेवटचा टपाल विभागाचा आकडा आणि विरामचिन्ह कापलं, बॉम्बे आणि मुम्बई जोडून घेतलं, आता एकच मुंबई दिसते. आकडा फेकलेला नाही, वेगळ्या मेटाडेटात ठेवलाय: ४ म्हणजे गिरगाव, १४ आणि २८ म्हणजे दादर. त्यावरून जुन्या प्रकाशकांची वस्ती विभागवार पाहता येईल.

यंत्र रास्पबेरी पाय ४ च आहे. झेब्राचा निर्देशांक एसडी कार्डावर ठेवू नका, सततच्या लिहिण्याने कार्ड लवकर जातं. लॅमिंग्टन रोडवर साधा साटा एसएसडी आणि यूएसबी ३ चं वेष्टन घ्या, आणि अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचाच घ्या, मोबाइलचा नको.

सुधारलेल्या साखळीवर पाच शब्द चारही टार्गेटांना पाठवून पाहा. एखाद्या टार्गेटवर 'कुऱ्हाड' सापडत नसेल, तर त्या नोंदीच्या शीर्षकाचे हेक्स बाइट पाठवा. पडद्याच्या फोटोवरून काही कळत नाही.