तीन मिनिटांचा मोत्सार्ट

मोत्सार्टनं स्वरबद्ध केलेली येशूच्या देहाला उद्देशून असलेली लॅटिन प्रार्थना, ‘आवे वेरूम कोर्पुस’, कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत आटपते. पहिल्यांदा ऐकणारा हमखास विचारतो, ‘झालं पण?’ झालं. उणेपुरे 46 बार (तालाचे खंड), चार आवाजांचं वृंदगान, साथीला तंतुवाद्यं आणि ऑर्गन. एकट्यानं गाऊन टाळी घ्यावी अशी एकही जागा नाही.

जून 1791. व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावात गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत. मोत्सार्टची बायको कॉन्स्टान्झे तिथे उपचारांसाठी गेली होती. ती गरोदर होती. तेव्हा तळमजल्यावरची जागा बघ, असं मोत्सार्टनं आंतोन श्टोलला कळवलं. हा श्टोल गावातला शाळामास्तर आणि चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख. मोत्सार्ट पत्रात त्याच्या नावाशी यमकं जुळवून त्याची फिरकी घ्यायचा. कॉर्पस क्रिस्तीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाचा सण तोंडावर आलेला असताना, 17 तारखेला, श्टोलसाठी ही रचना लिहून झाली. लहान गावच्या वृंदाला पेलेल इतकीच. खोली शोधून दिल्याबद्दल इतकं घसघशीत कमिशन जगात दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल.

गाणाऱ्यांना आवाजाबद्दल सूचना एकच, तीही सुरुवातीला: दबक्या आवाजात. पुढे मोठ्यानं नाही की हळू नाही, जे काय चढायचं-उतरायचं ते सुरांनी आपलं आपण. डी मेजर, म्हणजे डी हा षड्ज धरा. दुसऱ्या ‘आवे’ला वरचा आवाज पंचमावरून तीव्र मध्यमाला टेकतो आणि लगेच शुद्ध मध्यमावर उतरतो. दोन्ही मध्यम लागोपाठ! केदार ऐकून वाढलेली मान इथे आपोआप डोलते. अर्थात हा केदार नव्हे. या जागेचा रंग खालच्या तीन आवाजांशिवाय उमटत नाही.

पुढे क्रुसाच्या ओळीपर्यंत पंचमच षड्ज होऊन बसतो. मग येशूच्या कुशीतून पाणी आणि रक्त वाहिल्याचे शब्द येतात. ऑपेरे लिहिणारा माणूस, इथे वादळ उठवणं त्याच्या हातचा मळ होता. तो फक्त षड्ज मूळच्या कोमल गंधारावर नेतो, आणि आवाज तसाच दबका. शेवटच्या ओळीत बायकांचे आवाज पुढे निघतात, पुरुष एका बारनंतर त्यांच्या मागून. मग ‘मोर्तिस’, म्हणजे मृत्यू, हा शब्द तो लांबवत नेतो. मूळ प्रार्थनेत यानंतर येशूला मारलेल्या गोड हाका आहेत, त्या त्यानं घेतल्याच नाहीत.

आपली बंदिशही दोन-चार ओळींचीच. पण तिच्यापुढचा तासभर गवयाचा असतो. इथे गाणाऱ्यानं पदरचं काही घालायचं नाही; श्वास पुरवायचा आणि सूर खाली येऊ द्यायचा नाही. हळू आवाजात हे भलतंच कठीण जातं, म्हणून सोपी दिसणारी ही रचना वृंदांचा घाम काढते. काही मंडळी ‘अडाजिओ’, म्हणजे संथ, लिहिलंय म्हणून ती इतकी ताणतात की नको तेवढी गोग्गोड होते. मला बेतानं पुढे सरकणारी आवडते.

पुढे संगीतकार लिस्टनं ती पियानोवर घेतली, त्यावरून रशियन संगीतकार चायकोव्स्कीनं 1887 मध्ये ‘मोत्सार्टियाना’ या मोत्सार्टच्या रचनांवर बेतलेल्या मालिकेत ऑर्केस्ट्रासाठी. ऐकायला देखणी आहे. श्टोलच्या वृंदाला मात्र त्यात काही काम नाही.