तळ्यावरचे गीज आणि अडलेली सही

अमेरिकेत तळ्याकाठी राहत असाल आणि काठभर विष्ठा करणाऱ्या कॅनडा गीजचा (एक प्रकारच्या रानहंसांचा) बंदोबस्त करायचा असेल, तर जागामालकाच्या संमतीपत्रामागे आदल्या हिवाळ्यातच लागा. बाकी सगळं सोपं आहे.

या पक्ष्यांना 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण आहे. पण घरट्यांतली अंडी उबू न देण्यासाठी 2006 पासून फेडरल वन्यजीव खात्याकडे ऑनलाइन नोंदणी केली की पुरतं, तीही फुकट. काही राज्यं स्वतःची वेगळी परवानगी मागतात, तेवढं आधी विचारून घ्या. माझी नोंदणी चहा निवायच्या आत झाली.

घोडं अडलं ते पलीकडच्या काठावर. अलीकडचा काठ आमच्या सोसायटीचा, पलीकडचा शहराचा, आणि बहुतेक घरटी तिकडेच. मी लेखी संमती मागितली. उद्यान विभाग म्हणाला, तळं पावसाळी पाण्याच्या विभागाचं. ते म्हणाले, पाणी आमचं, गवत नाही. मग विम्याचा कागद मागितला. तो दिला, तर सही करणाऱ्या बाई रजेवर. शेवटी एकाने विचारलं, "उन्हाळा संपला की उडूनच जातील ना?" अहो, हे मुक्कामी गीज आहेत! माद्या बहुधा जिथे जन्मल्या त्याच परिसरात घरटं करायला येतात. पिल्लं वाढू दिली तर काही वर्षांनी त्यांचीही घरटी इथेच.

माझा जीव कशासाठी तुटत होता तेही सांगते. अंडी साधारण 28 दिवस उबवली जातात. पहिल्या 14 दिवसांत त्यांवर मक्याचं तेल चोळलं तर कवचाची छिद्रं बुजतात आणि गर्भ वाढत नाही. मादी मात्र बसून राहते. अंडी नुसती उचलून नेली तर ती पुन्हा घालते. ते 14 दिवस उलटले नाहीत ना हे कळायला आधी अंडं पाण्यात सोडून बघायचं: बुडून तळाशी टेकलं तर तेल, तरंगलं तर आत जीव वाढलेला, पुसून परत ठेवायचं. संमती हातात पडली तेव्हा मी बादली घेऊन गेले. एकाने उघडी छत्री धरून फुत्कारणारा नर अडवला. कोमट, मळकट पांढरं अंडं पाण्यात सोडलं आणि ते वर आलं. पुढचंही. त्या काठावरची बहुतेक अंडी तशीच परत ठेवावी लागली. त्या सहीला लावलेल्या उशिराचा राग अजून जात नाही.

हो, ब्रेड टाकणाऱ्यांना आधी थांबवा, नाहीतर बाकी सगळं व्यर्थ. प्लास्टिकचा कोयोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) थोडे दिवस चालतो, मग गीज त्याच्या शेजारीच चरतात. जून-जुलैत पिसं झडल्यावर त्यांना उडता येत नाही, तेव्हा कुत्रा मागे लावू नका. सगळ्यात उपयोगी पडलं ते काठाचं गवत न कापणं. आखूड गवत आणि पाण्यापर्यंत मोकळी नजर त्यांना हवी असते. मांडीपर्यंत वाढलेल्या पट्ट्यात शत्रू लपला असेल या भीतीने ते तिथून वर चढत नाहीत. आमच्या बाजूची पायवाट यंदा खरोखर स्वच्छ राहिली, याचा मला अभिमान आहे.

तेल लावायची मुदत 1 मार्च ते 30 जून, आणि किती घरटी-अंडी हाताळली ते 31 ऑक्टोबरपर्यंत कळवायचं. नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. म्हणून जागामालकाच्या पत्रावर "रद्द करेपर्यंत लागू" हे शब्द सहीच्या आधी लिहून घ्या.