गुऱ्हाळावरचा मोत्या

सोमवार, रात्र

दुकानात दिवसभर वाढदिवसांचे फ्लेक्स. एकाला मागं सिंह पाहिजे होता, दुसऱ्याला वाघ. तिसऱ्यानं दोन्ही मागितले आणि मधे स्वतःचा गॉगलवाला फोटो. भावी नगरसेवकाच्या पाठीमागं कुत्रा ठेवा असं कोल्हापुरात आजवर कुणी म्हटलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही. घरी आले, जेवले, भांडी आवरली आणि टॅब उघडून माझा कुत्रा काढायला बसले.

दोन पायांवर चालणारा, शर्ट-पँट घालणारा, बोलणारा कुत्रा. आईला हे खूळ वाटतं. तिला म्हटलं, देव्हाऱ्यात दत्ताच्या फोटोत चार कुत्री आहेत त्यांना रोज हळदकुंकू लावतेस. आणि खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घ्यायचे, भुंकायचे, कोटंब्यात वाढलेलं खायचे. मग माझ्याच कुत्र्यानं काय घोडं मारलंय? ती म्हणाली, ते देवाचं असतं. विषय संपला.

जात कारवानी ठरवली. लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, काठीसारखे पाय. काढायला नुसती रेघ न रेघ सुख आहे. 2005 मध्ये पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ हाउंड होता, तो याच भावकीतला. आपल्याकडं आणि पलीकडं सांगली-सोलापुराकडं गावोगाव ही कुत्री दिसतात. पण मी ती दिसण्यावरून घेतली नाही. कारवान्याला परक्यानं अंगाला हात लावलेला खपत नाही. चावत नाही, गुरगुरत नाही, नुसता हाताखालून सरकतो आणि दोन पावलं लांब जाऊन उभा राहतो. माझ्या पोराचा अख्खा स्वभाव त्या दोन पावलांत आहे.

नाव मोत्या. ते त्यानं स्वतः घेतलंय. गल्लीत मोत्या नावाचे बरेच असतात. कुणी हाक मारली तर सगळे वळतात, आणि याला न वळण्याची सोय राहते. जुनं नाव मी ठरवलंच नाही. ठरवलं असतं तर कुठंतरी वापरायचा मोह झाला असता.

बुधवार

मोत्या ट्रान्स आहे. जन्मला तेव्हा घरच्यांनी पोरगी म्हटलं, तो पोरगा आहे. आपल्याकडं हे एवढंच सांगितलं तरी समोरच्याच्या डोळ्यांपुढं उभा राहतो तो डोक्यावर यल्लमाचा जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेला, साडीतला जोगत्या. पोरगी म्हणून वाढवलेला पोरगा कुणाच्या डोळ्यांपुढं येतच नाही. आपण कोण हे ज्यानं त्यानं ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं. पण चित्रात दाखवायचं कसं ते कोर्ट सांगत नाही.

सोपा रस्ता म्हणजे ट्रान्स लोकांचा झेंडा. फिका निळा, गुलाबी, पांढरा. मोनिका हेल्म्स यांनी 1999 मध्ये केलेला तो झेंडा आता जगभर ओळखीचा आहे. शेपटीला पट्टे मारले की काम झालं. मला ते पटत नाही. मोत्या असा कुत्रा आहे की नवा शर्टसुद्धा आधी घरात घालून जुना करेल आणि मग बाहेर काढेल. तो शेपटीवर झेंडा घेऊन फिरेल होय?

शिवाय तो काम करतो गुऱ्हाळावर. तिथं आठवड्याभरात कुठल्याही रंगाचं काकवीच्या रंगात होतं.

गुऱ्हाळ का, तर वासामुळं. कुत्र्यांच्या जगात एक मोठी अडचण आहे, ती मला रेखाटनं बरीच पुढं गेल्यावर दिसली. माणसांत कोण बाई, कोण पुरुष हे लोक कपड्यांवरून, केसांवरून, आवाजावरून ठरवतात, आणि निदान त्या गोष्टी बदलता येतात. कुत्री हुंगतात. एकदा नाक लावलं की समोरचा नर की मादी, काय खाल्लं, कुठून आला, सगळा सातबारा उघडा. अशा जगात मोत्यासारख्यानं जायचं कुठं? काही चित्रकार हे सोडून देतात, नाक फक्त शोभेला ठेवतात. मग कुत्रा काढायचाच कशाला, मी म्हणते.

म्हणून मी नियम केला: या जगात न विचारता हुंगणं असभ्य. आपल्याकडं एसटीत शेजारची बाई पाच मिनिटांत "पोरंबाळं?" विचारते तसं. असभ्य आहे हे सगळ्यांना माहीत, तरी सगळे करतात. मोत्या बसस्टॉपवर उभा असला की नाकं त्याच्याकडं वळतात, आणि तो दोन पावलं लांब सरकतो.

गुऱ्हाळावर मात्र कुणाचाच कुणाला वास येत नाही. चुलवाणात वाळलेलं चिपाड धडाडून पेटलेलं असतं, काहिलीत रस उकळत असतो, त्यात भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. धूर आणि गोडवा मिळून हवा इतकी जड होते की डोळे मिटले तर आपण स्वतः गुळात आहोत असं वाटतं. तिथं मोत्या मळी काढतो. पाक कधी उतरवायचा ते गुळव्या ठरवतो. थोडा पाक थंड पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. मोत्याला त्याच्या आधी कळतं. पाकाचा वास एका क्षणी बदलतो, जळकटाकडं झुकायच्या जरा अलीकडं. तो काही बोलत नाही. नुसता काहिलीचा कडा धरायला पुढं येऊन उभा राहतो, आणि आताशा गुळव्यानं पाण्यात गोळी करून बघणं जवळपास सोडलंय.

(कारवानी नजरेवर शिकार करतो, नाकावर नव्हे, हे मला माहीत आहे. पण कारवान्याचं झालं तरी कुत्र्याचंच नाक.)

चुलवाणापुढं सगळे बनियनवर असतात. मोत्या एकटा फुल शर्टात, वरचं बटण लावून. याच्यावर मी कुठंही काही लिहिणार नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

शुक्रवार

मित्राला चित्रं दाखवली. तो स्वतः ट्रान्स आहे, आणि गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही. गंगावेशीत दूध प्यायला बसलो होतो. म्हशीची धार समोर काढून देतात, फेसाचा ग्लास त्याच्या हातात, आणि मिशीला फेस लावून तो माझ्यावर ओरडत होता.

"अगं ह्यो तर सारखा लाजतोयच की! कान मागं, शेपटी पायात. लोकांना वाटंल आम्ही सगळी असलीच, घाबरट. खासबागेत उतरव की त्याला. लाल माती, लंगोट, चारजणांना लोळवून बाहेर येऊ दे."

त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्यासारखे लोक गोष्टीत आले की एकतर रडतात नाहीतर मरतात, असं तो म्हणतो, आणि तसल्या गोष्टी मीही वाचल्यात. तरी मला मोत्याला तालमीत घालायचं नाही. या गावात पुरुष म्हणजे रांगडा, पुरुष म्हणजे पिळदार, मोठ्यानं बोलणारा, ही जी मोजपट्टी आहे ती जन्मानं पोरगा असलेल्यांनाही पुरत नाही. मोत्यानं पुरुष ठरायला आधी कुस्ती मारावी, हे मी का मागायचं? आबालाल रहिमानही याच गावचे. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, आणि रंकाळा, कोटीतीर्थ रंगवत बसलेला माणूस. त्यांना कुणी पुरुषपणाचा दाखला मागितल्याचं ऐकिवात नाही.

आणि खरं सांगायचं तर मोत्या बुजरा आहे तो बुजरा आहे म्हणून. ट्रान्स असल्यामुळं बुजला असं नाही. उद्या सगळ्या गावानं त्याला डोक्यावर घेतलं तरी तो लग्नात शेवटच्या पंगतीला बसेल, कोपऱ्यातलं ताट बघून. बुजरेपण हे दुखणं असल्यासारखं गोष्टीच्या शेवटी बरं करायची जी पद्धत आहे तिचा मला मनापासून कंटाळा आहे.

मित्र म्हणाला, "मग त्याला राग तरी येतो का?" येतो. राग आला की तो भांडी घासतो, फार स्वच्छ. हे ऐकून तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, "हां, मग हाय माणूस."

आम्ही उठताना दूधवाल्यानं त्याला "भावा, सुट्टे दे की" म्हटलं. इतकी वर्षं झाली, तरी "भावा" ऐकलं की त्याचे खांदे किंचित वर येतात. हे मी मोत्याच्या कानांना दिलं. इतर वेळी मागं चिकटलेले कान, "भावा" म्हटलं की मुळापासून अर्धा इंच उचलतात. शेपटी तर हलतेच, म्हणून तो ती हातात धरून ठेवतो.

जांभईही ठरली. कुत्री अवघडली की जांभई देतात, झोप आली म्हणून नाही. मोत्याची कुणी तारीफ केली की तो जांभई देतो. गुळव्याला वाटतं पोरगं दमलं, तो त्याला घरी पाठवतो. चांगलं काम केलं की सुट्टी, असा त्याचा हिशेब आपोआप बसलाय.

रविवार

आज मोत्याचं बोलणं. इथं मराठी नडते. "आलो" की "आले", पहिल्याच वाक्याला तोंड उघडून सांगावं लागतं.

पण आमच्याकडची गोष्ट वेगळी. इथल्या बायका सर्रास "मी आलो", "मी जातो की बाजारला" म्हणतात. माझी आजी म्हणायची, मीही घरात म्हणते. लिहायला बसले की तेवढी "आले" होते. म्हणजे लहानपणी मोत्या "मी जेवलो" म्हणाला तेव्हा कुणाच्या कानालाच लागलं नाही. त्याला हवं ते गावानं आयतंच देऊन ठेवलेलं. अडचण शाळेत झाली. बाईंनी सगळ्या वर्गापुढं सांगितलं, "जेवले म्हण." तेव्हापासून तो पळवाटा शोधू लागला. "मी भाकरी खाल्ली" चालतं, त्यात खाल्ली ती भाकरीची. नाहीतर मग भविष्यकाळ: करीन, आणीन, बघीन. सगळी शाळा त्याला नुसता आश्वासनं देणारा समजायची, अगदी भावी नगरसेवक.

मोत्याच्या आईचं मला अजून ठरवता येईना. ती त्याला पहिल्यापासून "काय रं बाळा, जेवलास का?" असंच म्हणते. इथल्या आया पोरींनाही तसंच म्हणतात. त्यामुळं तिला सगळं कळलंय आणि मान्य आहे, की काहीच कळलेलं नाही आणि नुसती सवय आहे, हे मोत्याला ओळखता येत नाही. त्याला विचारायचंय. तो विचारणार नाही. मीही त्याच्या वतीनं विचारणार नाही, निदान या भागात.

राहिले कपडे. कोल्हापूरचा म्हटल्यावर पायात कोल्हापुरी पाहिजे. पण प्राण्यांच्या जगात चामडं कुणाचं? पापाची तिकटी काढायची तर दुकानात टांगलंय ते कोण होतं? मित्राला फोन केला तर तो म्हणाला, तांबड्या-पांढऱ्याचं काय करणार ते आधी सांग. तूर्त रबरी स्लीपर दिल्यात.

पँटला शेपटीचं भोक पाहिजे, म्हणजे शिंपी आला, म्हणजे माप आलं. टेप घेऊन कुणीतरी इतक्या जवळ येणार, हे मोत्या कसं सहन करेल? मित्र म्हणाला, "त्यात काय, जुनी पँट, जुना शर्ट मापाला द्यायचा. मी तेच करायचो. छातीला कुणाची टेप लागायला नको." म्हणून मोत्याच्या काखेत आता कागदात गुंडाळलेले जुने कपडे आहेत. भोक नेमकं किती वर ते पाठमोरं चित्र काढल्याशिवाय कळणार नाही. उद्या दुकानात परत सिंह आहेत, तेव्हा मंगळवारीच जमेल.