बाळ का घेत नाहीस, असं विचारता म्हणून

"घे ना जरा," म्हणत कुणीतरी बाळ पुढे करतं. मी हात मागे घेते. मग ठरलेला प्रश्न येतो: "अगं, पण आता बरी आहेस ना?" इतके दिवस कंबर दुखते म्हणून वेळ मारून नेली. कंबर उत्तम आहे. एकदाच काय ते सांगून टाकते.

आजारपण तुम्हाला ठाऊकच आहे, तीन दिवस उलट्या आणि गरगरणारं छत मी पुन्हा सांगत बसत नाही. पण बीपी बघून घे, अशक्तपणा असेल, हे आता पुरे. आणि मान एका बाजूला टाकून कुशीवर वळायचे ते व्हिडिओही पाठवू नका. एप्ली नावाच्या डॉक्टरांची ती युक्ती खरोखर गुणकारी आहे, पण ती कानातले कॅल्शियमचे कण सुटून भलत्या नलिकेत शिरले असतील तर. माझे कण जागच्या जागी आहेत. माझ्या डाव्या कानाची तोलाची नस सुजली आणि गेली. व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. ऐकू नीट येतं, म्हणून कान खराब आहे हे कुणाला पटत नाही.

आपण स्वस्थ पडून असतो तेव्हाही दोन्ही कान मेंदूला सारखा संदेश पाठवत असतात. डोकं डावीकडे वळलं की डाव्याचा वाढतो, उजव्याचा घटतो, आणि त्या फरकावरून मेंदू ओळखतो की आपण वळलो. डावा एकाएकी गप्प झाला तर पडल्यापडल्याही फरक दिसतो आणि मेंदू ठरवतो की आपण उजवीकडे फिरतोय. गरगरतं ते त्यामुळे. काही दिवसांत मेंदू हा हिशोब जुळवून घेतो, आणि मग लोक म्हणतात, बरी झालीस.

एक हिशोब मात्र जुळत नाही. डावीकडे झटकन वळले तर उजव्या कानाचा संदेश घटून घटून शून्यापर्यंत जाईल. त्याखाली कुठे जाणार? डॉक्टरांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, नाकाकडे बघत राहा म्हणाले आणि डोकं झटक्यात डावीकडे वळवलं. ते फोनवर टिपलेलं मी नंतर पाहिलं. माझे डोळे डोक्याबरोबर वाहत गेले आणि मग उडी मारून परत नाकावर आले. तुमचे तसे जाणार नाहीत. हे पान स्थिर धरून मान हलवा, अक्षरं वाचता येतील. आता मान स्थिर ठेवून पान तेवढ्याच वेगाने हलवा. पहिल्या वेळी जे काम झालं ते कानाचं. स्ट्रेप्टोमायसिन या औषधामुळे दोन्ही कानांचा तोल गमावलेल्या एका डॉक्टरने १९५२ साली लिहून ठेवलंय की नाडीच्या ठोक्यानेसुद्धा अक्षरं हलायची, वाचायचं तर पलंगाच्या गजांमध्ये डोकं अडकवून बसावं लागायचं. माझं त्यामानाने काहीच नाही.

हे सगळं मी आत्ता सांगतेय. त्या रात्री माहीत असतं तर?

माहीत होतं. ते डोळ्यांचं चित्रण त्याआधीच पाहिलं होतं. सात महिने झाले होते, मी कामावर जात होते, जिने चढत होते. ताईची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. रात्री ती रडायला लागली तेव्हा मीच म्हटलं, "तू झोप, मी बघते." दिवा लावला नाही, लावला तर ती पुरती जागी होईल म्हणून. खाली गादी अंथरलेली होती, तिच्यावरून थोपटत फेऱ्या मारत होते. डाव्या हाताला, मागे, माझा फोन थरथरला. मी वळले.

पडतेय असं वाटलंच नाही. दाराची चौकट अंगावर आली असं वाटलं. टक् असा आवाज झाला. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ती रडली. त्या क्षणाबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही.

डोळे, पाय आणि कान या तिघांवर माणूस उभा असतो. अंधाराने डोळे काढून घेतले, गादीने पाय, आणि कान तर डावाच लागणार होता. तिघेही एकदम रजेवर.

ताईने दिवा लावला. "काय झालं?"

"चादरीत पाय अडकला."

चादर उशाशी घडी घालून ठेवलेली होती. ताईने तिच्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. भुवईवर दोन टाके पडले. खूण आता बारीक आहे, पण मला लांबूनही दिसते.

मी खोटं का बोलले? "डॉक्टरांनीच सांगितलं होतं, घाबरून बसू नका, हिंडाफिरा," असं मी बरेच दिवस स्वतःलाच ऐकवत होते. त्यांनी सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. पण त्यांनी चक्करच्या गोळ्या पहिले तीन दिवसच घ्या, असंही सांगितलं होतं, जास्त घेतल्या तर मेंदू जुळवून घ्यायला उशीर करतो म्हणून. मी दोन महिने घेतल्या. अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवायचा व्यायाम दिवसातून तीनदा होता. तो केला की मळमळायचं, म्हणून आठवड्यात सोडला. तेव्हा सगळं कानावर ढकलू नये, एवढं मला कळतं. आणि सगळं माझ्यावर घ्यावं असंही वाटत नाही, कारण व्यायाम केला असता तरी अंधारात, गादीवर, त्या झटक्याला तोल राहिला असता का, हे कोण सांगणार?

"बसल्या जागी तरी घे," ताई म्हणते. बसल्यावर डाव्या कानाचं फार काही काम नसतं, हे मला तिच्यापेक्षा चांगलं कळतं. तरी नाही घेत.