छोटा कपलर आणि तिसरी हार्मोनिक

ब्रँच-लाइन कपलर, म्हणजे रेडिओ सिग्नल दोन वाटांत विभागणारी सर्किट बोर्डवरची चौकोनी रचना, मला फार आवडतो, चार क्वार्टर-वेव्ह (पाव वेव्हलेंथच्या) लाइन, दोन ५० ओहमच्या दोन ३५.३५ च्या, सिग्नल निम्मा-निम्मा आणि मध्ये ९० अंशांचा फेज. पण १ गिगाहर्ट्झला एफआर-४ वर (सर्किट बोर्डचं नेहमीचं मटेरियल) एकेक बाजू साधारण ४१ मिमी होते, म्हणजे जागा खातो, वर ३ गिगाहर्ट्झला तीच लाइन पाऊण वेव्हलेंथची झाली की परत तस्साच कपलर बनून अँप्लिफायरची तिसरी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, नको असलेला सिग्नल) खुशाल पुढे सोडतो.

यावर टी-सेक्शन, म्हणजे लाइनच्या जागी टी आकाराची जोडणी, मला सगळ्यात सुंदर वाटतं. ९० अंशांच्या (म्हणजे पाव वेव्हलेंथच्या) लाइनऐवजी ३०-३० अंशांचे दोन तुकडे घ्यायचे, ५० ओहमच्या लाइनचा इम्पिडन्स मग ८६.६ होतो, आणि मधोमध ४३.३ ओहमचा ३० अंशांचा ओपन स्टब, म्हणजे टोक मोकळं सोडलेली आडवी फांदी. हा स्टब तिप्पट फ्रिक्वेन्सीला बरोब्बर ९० अंशांचा होतो, म्हणजे तिथे थेट शॉर्ट, हार्मोनिक तिथेच अडते! बाजू दोन तृतीयांश, क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, स्टब आतल्या रिकाम्या चौकात वळवायचे, फक्त एकमेकांना चिकटवू नका हं, नाहीतर कपलिंग होऊन नल (हार्मोनिक अडते ती फ्रिक्वेन्सी) सरकतो. बँडविड्थ थोडी जाते, ट्रेस बारीक होतात, पण वेगळा फिल्टर वाचतो ना.